पाणी कुठं थांबतं?

“ज्यानी ही फरशी बठाडी, त्याना घर मोरी शे का नही?”

एकतीस वर्षं झाली, आईचा हा आवाज रूपाच्या कानात तसाच आहे. ती तेव्हा आठ वर्षांची होती. धुळ्यात, देवपूरच्या एका वकिलांच्या घरी ताईबाई फरशी पुसायला जायची आणि रूपा मागच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसायची. घर नवंकोरं. शहाबादी फरशी निळसर, गार, गाल टेकवावा अशी. पण मोरी एका कोपऱ्यात आणि फरशीचा उतार भलत्याच कोपऱ्याकडे. सांडलेलं पाणी मोरीकडे पाठ फिरवायचं आणि ओट्याखाली जाऊन बसायचं, कुणी समजूत काढायला येईपर्यंत न हलणाऱ्या रुसक्या पोरीसारखं. ताईबाई उकिडवी बसून ते फडक्यानं ओढायची, बादलीत पिळायची, पुन्हा ओढायची. त्या दिवशी तिनं कंबरेवर हात ठेवून मान वर केली आणि फरशीलाच तो प्रश्न विचारला, ही बसवणाऱ्याच्या घरी मोरी आहे की नाही? आवाजात राग नव्हता. कुणी तरी खरंच उत्तर द्यावं, असं तिला वाटत होतं.

वकिलीणबाई आतून हसल्या. मागच्या फाटकाशी कुणी सायकलवाला थांबला होता, हँडलला पिशवी अडकवलेला. रूपानं वळून पाहिलं तोवर तो सायकल वळवून निघालाही होता.

अकरा वर्षं ताईबाईनं ते पाणी ओढलं. तिचे गुडघे त्या ओट्याखालीच झिजले. उत्तर काही आलं नाही.

पुढे रूपा आयटीआय शिकली, जळगावला आली आणि एका ठेकेदाराकडं साइटवर देखरेखीला लागली. बारा वर्षं तिनं दुसऱ्याच्या नावाची घरं उभी राहताना पाहिली. विटा मोजल्या, भिंतींना पाणी मारून घेतलं, मिस्तरींचे रुसवे काढले. तीन वर्षांपूर्वी एका पेंटरकडून तिनं गुपचूप एक पत्र्याची पाटी रंगवून घेतली होती: ‘रूपा बांधकाम’. निळ्यावर पिवळी अक्षरं. ती पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली ठेवलेली होती. टांगायला भिंत हवी ना!

ती भिंत जळगावच्या पिंप्राळ्यात सापडेल असं वाटायला लागलं ते यंदाच्या माघात.

शालिग्राम नाना फैजपूरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. पिंप्राळ्यात त्यांचे शेजारी शेजारी दोन प्लॉट. एक स्वतःसाठी, एक लेकीसाठी, मोनालीसाठी. पहिल्या प्लॉटवर भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला, आणि ठेकेदाराला, रूपाच्याच मालकाला, दुसऱ्या गावी मोठं काम मिळालं. तो गेला तो गेलाच. उघड्या विटांचं घर तीन महिने तसंच पडून राहिलं. नाना आणि त्यांच्या पत्नी लताबाई समोरच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. लताबाई रोज संध्याकाळी येऊन त्या अर्ध्या घरात उगीच एक चक्कर मारून जायच्या, आजारी माणसाला भेटून यावं तशा.

मोनालीचं लग्न मागच्या उन्हाळ्यात झालेलं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. मोनालीची ही पहिली आखाजी. “लेकीची पहिली आखाजी मी भाड्याच्या खोलीत करणार नाही,” लताबाईंनी सांगून टाकलं होतं. पोर्चच्या स्लॅबमध्ये त्यांनी झोक्यासाठी दोन कड्याही आधीच बसवून घेतल्या होत्या.

नानांनी रूपाला बोलावलं. त्या जुन्या ठेकेदाराच्या माणसांपैकी ती एकटीच अजून त्यांचा फोन उचलत होती.

“रूपाताई, उरलेलं घर तू पूर्ण करशील? तुझ्या नावावर?”

“करीन नाना. पण माणसं माझी मी निवडीन. नळकाम, प्लास्टर, वायरिंग, फरशी, सगळी. आठ दिवस द्या शोधायला.”

“आठ दिवस!” नानांचा भाचा कुंदन तिथंच खुर्ची उलटी करून बसला होता. वाळू-सिमेंटच्या गाड्या पुरवायचा त्याचा धंदा. शहरातले सगळे मिस्तरी त्याच्या मोबाइलात. “ताई, आठ मिनिटांत देतो. हे बघा, हा फरशीवाला. काय काम आहे! फोटो बघा.”

रूपानं फोटो पाहिले. फरशी चकचकीत होती, खिडकीचं ऊन त्यात उतरलेलं होतं.

“छान आहे. पुसून दाखव.”

“काय?”

“ही फोटोतली फरशी पुसून दाखव, कुंदनभाऊ. पाणी कुठं थांबतं ते मला बघायचंय.”

लताबाई हसल्या तसा कुंदन थोडा चिडला. “मग तुम्ही काय करणार? घरोघर पोछा मारत फिरणार?”

“मी नाही. मारणाऱ्यांना विचारणार.”

नानांनी चष्मा काढून पुसला. शाळेत अवघड प्रश्न काढताना ते असंच करत असावेत. “ठीक आहे. घे आठ दिवस. पण माझी एक परीक्षा. आखाजीच्या आदल्या दिवशी मी स्वतः बादली ओतणार. पाणी कुठंही थांबलं नाही तर शेजारचा मोनालीचा प्लॉट तुझा, अगदी पायापासून. थांबलं, तर ते काम कुंदनकडे.” मग जरा घुटमळून म्हणाले, “आणि एक काम तेवढं कुंदनच्या माणसाला दे. घरचा मुलगा आहे, बरं दिसत नाही. नळकाम दे.”

रूपाला ते आवडलं नाही. पण घर नानांचं होतं. तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून तिची स्कूटर निघाली.

घरं किती देखणी आहेत हे ती बघतच नव्हती. चार-पाच वर्षं जुनी घरं शोधायची, दुपारी, बायका भांड्यांवरून मोकळ्या झालेल्या असतात तेव्हा दारात उभं राहायचं. आणि प्रत्येकीला वेगळाच प्रश्न. प्लास्टरवाला जोखायचा असेल तर, “कॅलेंडरच्या खिळ्याभोवती भिंत ढासळली का हो?” वायरिंगवाल्यासाठी, “घरातलं कुठलं बटण तुम्ही दाबतच नाही?” या प्रश्नाला बायका हसायच्या, कारण असं एक बटण जवळजवळ प्रत्येक घरात असायचं. जिथं नव्हतं तिथल्या माणसाचं नाव रूपा वहीत लिहून घ्यायची. आणि फरशीसाठी तोच एक प्रश्न, “पुसताना पाणी कुठं थांबतं?”

पहिल्याच दिवशी एका बाईनं तिला फैलावर घेतलं. “पाणी? तुम्ही नळवाल्या का? चार दिवस नळाला थेंब नाही आणि वर विचारता पाणी कुठं थांबतं? तुमच्या हापिसात थांबतं!” धाडकन दार लागलं. रूपा बंद दारासमोर उभी राहून हसली. मग तिनं प्रश्न बदलला, “अक्का, पुसताना तुमची कंबर कुठल्या कोपऱ्यात दुखते?”

आणि दारं उघडत गेली. असा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. बायका तिचा हात धरून आत नेत, कोपरे दाखवत. हे बघा, इथं. हे न्हाणीघर बघा, सारं पाणी उंबऱ्याकडे येतं. ही गच्ची बघा, कपडे वाळत घालायला गेलं की पाय ओले. कुणी चहा केला, कुणी केळीचे वेफर्स पुढे ठेवले. एका सासूबाईंनी तर सुनेला सांगितलं, “ये, तूही सांग, पुन्हा संधी मिळायची नाही.”

पाचोऱ्यात सुलक्षणा नावाच्या वहिनींच्या घरी मात्र रूपाला कोपरा मिळाला नाही. तिनं परवानगी घेऊन तांब्याभर पाणी स्वयंपाकघरात ओतलं. पाणी जरा थबकलं, आपली वाट आठवल्यासारखं वळलं आणि सरळ मोरीत गेलं. मागं फक्त ओल राहिली.

“कुणी बसवली ही?”

“नाव नाही बाई आठवत. धुळ्याकडचा होता. पण माणूस विचित्र. माल कालवायच्या आधी मला म्हणाला, अक्का, बादली-फडकं घ्या आणि फरशीखालच्या नुसत्या सिमेंटच्या कोब्यावर पुसून दाखवा. मी म्हटलं, काय खुळा आहे! पण बसला आणि बघत राहिला.”

तीन दिवसांनी जळगावातल्या एका आजींनी तेच सांगितलं. आणि पाचव्या दिवशी धुळ्याच्या एका शिक्षिकेनं. तिला नावही ठाऊक होतं, “हिलाल मिस्तरी. फागण्याला राहतात.”

फागण्यात दुपारी ऊन तापलं होतं. हिलाल मिस्तरी ओसरीत बसून लेव्हलची नळी धूत होते. सत्तावन्न-अठ्ठावन्नचं वय, डोक्यावर पांढरी टोपी, हातांच्या भेगांत सिमेंट कायमचं मुरलेलं. रूपानं काम सांगितलं, आखाजीची मुदत सांगितली. ते मान खाली घालून ऐकत होते. मग, धुळ्याचीच आहे हे कळावं म्हणून, ती सहज म्हणाली, “मी देवपूरच्या ताईबाईंची मुलगी. आई तिथं घरकाम करायची.”

हिलाल मिस्तरींचा हात नळीवर थांबला.

“वकीलसाहेबना घर काम करे, ती ताईबाई?”

“हो. तुम्ही ओळखता आईला?”

ते उत्तर न देता आत गेले. बराच वेळ आले नाहीत. रूपाला वाटलं, काम नको असेल. मग ते पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “येस.”

नानांना हे सांगताना रूपानं शब्द जसाच्या तसा सांगितला. नाना खूश झाले. “मिस्तरी इंग्रजीत बोलतात? वा!”

“नाही हो नाना. अहिराणीत ‘येस’ म्हणजे ‘येतो’.”

“असं? माझ्या तीस वर्षांच्या इंग्रजीला हे माहीत नव्हतं.”

दोन्ही ‘येस’ मधला फरक मग लवकरच कळला. कुंदनचा नळवालाही “येस ताई, येस ताई” म्हणायचा. आठवड्यातून दोनदा यायचा, एकदा न सांगता जायचा. प्लास्टर वेळेत झालं, वायरिंग वेळेत झालं. ओल्या प्लास्टरच्या वासानं घर जिवंत वाटायला लागलं. नळकाम मात्र रखडत रखडत आखाजीला अठरा दिवस उरले तेव्हा संपलं. त्याच सकाळी हिलाल मिस्तरी आले, दोन जोडीदारांसह, सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी.

“मी मोरीपाईन चालू करस,” ते म्हणाले. साऱ्या घराच्या फरशीची पातळी त्या एका जागेवरून निघणार होती. ओट्यालगतच्या मोरीत ते उतरले, नळी लावली, पाणी स्थिर होईपर्यंत श्वास धरून बघत राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी लताबाईंना हाक मारली.

“अक्का, तुम्ही पुसाले कोठून लागतस? दखाडा जरा.”

“अवं माय! मी? आता?” लताबाई लाजल्या, पण पदर खोचून बसल्या. ओल्या फडक्यानं कोबा पुसायला लागल्या. सगळे बघत होते. हिलाल मिस्तरी सर्वांत जास्त.

“अक्काना हात डावरा शे,” ते म्हणाले.

नाना हसले. “छे छे मिस्तरी! चाळीस वर्षं संसार केलाय मी. ही उजवी आहे. जेवते उजव्या हातानं, सही करते उजव्या हातानं.”

लताबाईंनी फडकं पिळत वर पाहिलं. “लहानपणी मारून मारून उजवी केली मला. पुसताना कोण बघतंय? तुम्ही चाळीस वर्षांत मला पुसताना कधी बघितलंय का?”

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 

हिलाल मिस्तरींनी मोरीतल्या जाळीकडे बोट केलं. “जाळी उंच शे. दोन बोटं. आनि उलटा कोपरामा शे. अक्का पानी डावीकडे ओढतीन, जाळी उजवीकडे. आशी फरशी मी नही बठाडस.”

कुंदन पुढे झाला. “आबा, दोन बोटांनी काय होतं? माल जरा जास्त टाका, उतार काढून घ्या. कोबा फोडला तर पुन्हा भरा, पुन्हा पाणी साठवून गळती बघा. चार दिवस जातील. आखाजी काय थांबणार आहे का?”

“मी नही बठाडस,” हिलाल मिस्तरी पुन्हा म्हणाले. आवाज चढला नाही, पण त्यांनी थापी पिशवीत ठेवली.

सगळ्यांचे डोळे रूपाकडे वळले. अठरा दिवस. चार गेले तर चौदा, आणि साऱ्या घराची फरशी बाकी. तिला पलंगाखालची पाटी आठवली. फोडलं नाही, तर वेळेत होईल. कदाचित नानांच्या बादलीतूनही निभावेल, एक बादली ओतून काय कळतं? पण लताबाई रोज पुसणार. दहा वर्षं, वीस वर्षं. या मोरीत उकिडव्या बसून उलट्या दिशेनं पाणी ओढणार आणि एक दिवस कंबरेवर हात ठेवून वर बघणार.

“फोडा,” रूपा म्हणाली.

“ताई, शेजारचा प्लॉट जाईल,” कुंदन हळूच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता; या मुलाला तिची काळजी वाटायला लागली होती.

“जाऊ दे. फोडा. आणि तुझ्या माणसाला फोन लाव.”

कुंदननं फोन लावला. “येस येस, निघालोच,” पलीकडून आवाज आला. दुपारचे बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. कुंदननं पुन्हा लावला तर फोन बंद. त्यानं मोबाइल पायरीवर ठेवला. मग उठला, शर्ट काढून खिडकीला टांगला, छिन्नी-हातोडा उचलला आणि स्वतःच मोरीत उतरला. पहिला घाव त्याचा. अंगठ्यावर बसला तेव्हा लताबाईंनी आतून विचारलं, “काय रे, फोटो काढला का?”

तोही हसला.

रूपानं वही काढली. सुलक्षणा वहिनींच्या घरच्या पानावर, हिलाल मिस्तरींच्या आठवणीखाली, आणखी एक नाव होतं, नळकामवाला वना. वहिनी म्हणाल्या होत्या, “पाच वर्षांत एक तोटी टपकली नाही बाई.” रूपानं फोन केला. “कुठं यायचं?” वनानं एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचोऱ्याहून पहिल्या गाडीनं तो आला, खांद्यावर अवजारांची गोणी. दिवे लागायच्या आत जाळी खाली आली, डाव्या कोपऱ्यात गेली, नवा कोबा झाला. दोन दिवस तो मुरू दिला, मग जाळीला बोळा लावून मोरीत पाणी साठवलं. सगळं घर चोवीस तास त्या पाण्याकडे बघत राहिलं. नानांनी भिंतीवर पेन्सिलनं खूण केली होती. येता जाता वाकून बघत, विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासावी तसे. पाणी खुणेखाली केसभरही उतरलं नाही.

मग हिलाल मिस्तरी बसले ते उठलेच नाहीत म्हणायचं. चैत्राचं ऊन भट्टीसारखं. सकाळी सहाला काम सुरू, अकराला विसावा, चारला पुन्हा. रबरी हातोडीचा ठक ठक आवाज गल्लीला ओळखीचा झाला. एकेक फरशी ते अशी बसवत की तिला शेजारणीची ओळख करून देताहेत असं वाटावं. मध्येच वाटीभर पाणी ओतत, मान तिरकी करून बघत, एखादी फरशी पुन्हा उचलत. बोलत फार कमी. एकदाच, रूपानं विचारलं, “आबा, बायकांना पुसून दाखवायला सांगायचं तुम्हाला कुणी शिकवलं?” तेव्हा हातोडी क्षणभर थांबली. “एक बाईनी,” ते म्हणाले, आणि पुन्हा ठक ठक सुरू झाली.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी रूपा धुळ्याहून आईला एसटीनं घेऊन आली. ताईबाई आता काठी धरून चालत. नव्या घराच्या उंबऱ्यावर त्यांनी चप्पल काढली, पाय पुढे टाकला, थांबल्या. तळपाय फरशीवर हळूच फिरवला, जुन्या मैत्रिणीच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.

मोनाली भल्या सकाळीच सासरहून आली होती. पोर्चमधल्या कड्यांना दोर बांधून तयार होता. आत खापरावर मांडे होत होते, आमरसाचं पातेलं झाकलेलं होतं. कुंदन, वना, हिलाल मिस्तरी, त्यांचे जोडीदार, सगळे भिंतीलगत उभे. नानांनी धोतराचा सोगा खोचला आणि भरलेली बादली उचलली.

“परीक्षा सुरू,” ते म्हणाले.

पहिली बादली त्यांनी हॉलच्या टोकाला ओतली, मुद्दाम, मोरीपासून सगळ्यात लांब. पाणी पसरलं, फरशीवर मोठं थोरलं पान उमटल्यासारखं. क्षणभर ते थांबलं.  मग पानाचा देठ निघाला, बारीक, चमकणारा; तो स्वयंपाकघराच्या दाराकडे वळला, उंबऱ्याच्या खाचेतून आत गेला, ओट्याला वळसा घालून सरळ डाव्या कोपऱ्यात, आणि गुळगुळ आवाज करत जाळीतून नाहीसा झाला. त्याच्या मागोमाग सारं पान निघालं.

नानांनी दुसरी बादली ओट्याखाली ओतली. तिसरी न्हाणीत. चौथी गच्चीवर. मग जिद्दीला पेटल्यासारखी पाचवी, भलत्याच कोपऱ्यात. पाणी कुठंच थांबायला तयार नव्हतं.

“मामा, टाकी रिकामी होईल,” कुंदन म्हणाला. “आता शंभरातले शंभर देऊन टाका.”

नाना धापा टाकत खाली बसले. ओल्या फरशीवर, धोतरासकट. मग त्यांनी फडकं घेतलं, लताबाईंच्या हाताकडे एकदा बघितलं आणि डाव्या हातानं ओल पुसायला लागले. लताबाईंनी तोंडाला पदर लावला.

“रूपाताई,” पुसता पुसता नाना म्हणाले, “शेजारच्या प्लॉटवर पाया कधी मारतेस?”

कुंदन कुठं तरी पळाला आणि पाच मिनिटांत परत आला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी घेऊन. रूपानं आईला स्टँडवरून आणताना पाटी स्कूटरवर पायांपाशी ठेवली होती. कुणाला बोलली नव्हती, पण त्यानं पाहिलं होतं. त्यानं शेजारच्या मोकळ्या प्लॉटच्या कुंपणाला, लिंबाच्या सावलीत, तारेनं ती पाटी बांधली. ‘रूपा बांधकाम’. वना म्हणाला, “वाकडी आहे.” हिलाल मिस्तरींनी खिशातला ओळंबा काढून धरला, आणि पाटी सरळ झाली.

झोका सुटला. मोनाली बसली, लताबाईंनी ढकललं, आणि हाताच्या लयीवर त्यांना आपसूक ओळी सुचत गेल्या,

नव्या घराची गं मोरी,
तिला उतार साजिरा;
पाणी निघालं माहेरा,
जसा लेकीचा गं फेरा.

ताईबाई या गलक्यात नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात होत्या. रूपा शोधत आत गेली तेव्हा आई काठी भिंतीला टेकवून मोरीच्या कडेला बसली होती. तिनं ओंजळभर पाणी ओट्याखाली सोडलं. ते गेलं. पुन्हा सोडलं. पुन्हा गेलं.

“बठ्ठं गयं, रूपा,” ती म्हणाली. “थेंब नही राह्यना.” डोळे भरले होते, पण ती हसत होती. मग आवाज चढवून, दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाली, “ज्यानी ही फरशी बठाडी, त्याना घर मोरी शे बरं!”

सगळे हसले. झोक्यावरची मोनालीही हसली. हिलाल मिस्तरी मात्र हसले नाहीत. ते दारातून आत आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ताईबाईंसमोर, त्या कोरड्या होत चाललेल्या फरशीवर, उकिडवे बसले.

“अक्का,” ते म्हणाले, “देवपूरनी, वकीलसाहेबनी फरशी मनी शे, मी बठाडेल. मनं पहिलं काम. थापी राही गयती, ती लेवाले मी सायकलवर येल व्हतू. फाटकजोडे उभा व्हतू. तुम्ही जे इचारं ना, ते मी ऐकं, आनि उत्तर न देताच पळी गऊ.”

ताईबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाहेर झोक्याचा दोर करकरत होता.

हिलाल मिस्तरींनी टोपी घट्ट धरली.

“मना घर तवय मोरीच नव्हती, अक्का.”